माईक रस्त्यावर न्या: गाणाऱ्या घराला दूरवर पोचवायचं कसं

मी अमळनेरचा, धंदा साऊंडचा, लग्नं, सप्ते, जत्रा असं वर्षभर चालू असतं, आणि गेली तीन वर्षं एका गोंधळी घराचं गाणं रेकॉर्ड करून बाहेर पोचवायच्या मागे लागलोय. घर म्हणजे आबा, त्यांचा मोठा मुलगा, सून आणि बारा वर्षांचा नातू. आबांकडे तुणतुणं, मुलाकडे संबळ, वहिनी गातात आणि पोरगं झांज धरतं. बाजाराच्या दिवशी बसस्टँडसमोर, वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरी नदीच्या पात्रात, बाकी वेळ गावोगाव. लोक थांबतात, दहा-वीस टाकतात, निघून जातात. आमच्या गावात पण असं एक घर आहे, त्यांच्यासाठी काय करता येईल असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

यातलं निम्मं मी आफ्रिकेतून शिकलोय. तिकडे कधी गेलो नाही, पण रस्त्यावर वाजवणारी माणसं तिथून जगभर कशी पोचली ते रात्र रात्र जागून वाचलंय, ऐकलंय, आणि परिस्थिती आपल्यासारखीच आहे, लाईट जाते, पैसा नाही, वाद्य घरीच बनवलेलं, आणि शहरातल्या लोकांना ते गाणं जुनाट वाटतं.

सगळ्यात आधी किन्शासाचं सांगतो. काँगोची राजधानी. तिथे पोलिओ झालेले काही गायक-वादक हाताने चालवायच्या तीनचाकी गाड्यांवर बसून रस्त्यावर गायचे, ग्रुपचं नाव स्टाफ बेंडा बिलिली, लिंगाला भाषेत बेंडा बिलिलीचा अर्थ साधारण असा की वरवरच्या दिसण्यापलीकडे बघ. त्यांच्यात रोजर लांडू नावाचा एक पोरगा होता, त्याने स्वतःच एक वाद्य बनवलं, पत्र्याचा डबा, त्यात खोचलेली वाकवलेली काडी आणि एकच तार. सातोंगे म्हणतात त्याला. काडी दाबली की सूर बदलतो. आता यांचं रेकॉर्डिंग करायला बेल्जियमहून व्हिन्सेंट केनिस नावाचा निर्माता आला, त्याने त्यांना स्टुडिओत नेलंच नाही. हे लोक जिथे रोज बसायचे, तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत, उघड्यावर, डझनभर माईक लावले, एक लॅपटॉप ठेवला आणि जवळच्या बंद टपरीतून 100 मीटर वायर ओढून लाईट घेतली. त्या रेकॉर्डिंगमध्ये मागे बेडकं ओरडताना ऐकू येतात. 2009 मध्ये तो अल्बम आला, त्याच वर्षी वोमेक्स या जागतिक संगीताच्या मेळ्याचा पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये त्यांच्यावरची डॉक्युमेंटरी कान फेस्टिव्हलला दाखवली गेली.

सातोंगेचा व्हिडिओ मी आबांना मोबाईलवर दाखवला तेव्हा ते ओट्यावर बसले होते, तुणतुण्याची तार ढिली झालेली ती पिळत होते. आबांच्या तुणतुण्याचं खोकं लाकडाचं नाही, तेलाच्या पत्र्याच्या डब्याचं आहे, तळाला चामडं ताणून बसवलंय, बाजूने बांबूची काठी, वर खुंटी, खुंटीपासून चामड्याच्या मध्यापर्यंत एक तार, आणि डब्यावर जुन्या कंपनीचं अर्धं पुसलेलं सूर्यफूल अजून दिसतं. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला, मोबाईल कानाला लावला, आणि म्हणाले, "हाई ते आपलं तुणतुणंच शे ना भो!" त्या दिवसापासून मला काही पटवून द्यावं लागलं नाही.

तर पहिलं काम, माईक त्यांच्याकडे न्या, त्यांना स्टुडिओत नेऊ नका. मी आधी हीच चूक केली होती. दोन हजार रुपये तास भरून शहरात नेलं, काचेच्या खोलीत वहिनींना हेडफोन लावला, संबळ वेगळं, आवाज वेगळा, मागे मेट्रोनोमची, म्हणजे एकसारखा ठेका देणाऱ्या यंत्राची टिकटिक. आलं ते गाणं अगदी स्वच्छ आणि अगदी मेलेलं. वहिनी रोज समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून ओळ वाढवतात, कोणी नमस्कार केला की त्याच्या कुळदेवीचं नाव घेतात, भिंतीकडे बघून त्या काय वाढवणार? आणि संबळ तर गाण्याच्या श्वासाबरोबर पुढे-मागे होतं, टिकटिकीवर बसवलं की त्याचा जीवच जातो.

जागा कशी निवडायची? सकाळची वेळ घ्या, सहा ते आठ, वारा कमी, ट्रॅफिक कमी, माणसं पण शांत. हायवेपासून लांब, पण एकदम रानात नको, मागे एखादी भिंत असू द्या, देवळाचा ओटा, वाड्याचा कोपरा, आवाज भिंतीवरून परत येतो आणि भरीव लागतो. पत्र्याचं शेड टाळा, झांज तिथे कानात घुसते. ऐकायला चार-पाच माणसं बसवाच, गल्लीतली, ओळखीची, पोरंटोरं चालतील, समोर कोणी नसेल तर गोंधळ लागत नाही.

महागडं सामान नाही म्हणून थांबू नका. मोबाईल चालतो. स्टँडवर लावा, नसेल तर दोन विटांमध्ये घट्ट बसवा, पण हातात धरू नका. एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मधेच कोणाचा तरी फोन येतो आणि आयुष्यात एकदाच लागलेला सूर जातो, माझा गेलाय. माईकच्या भोकावर पातळ स्पंज किंवा मोज्याचा तुकडा, वाऱ्याची घरघर जाते. गाणाऱ्यापासून तीन-चार फूट. आणि हे नीट ऐका, संबळ गाणाऱ्याच्या बरोबरीने बसवू नका, ते दोन पावलं मागे आणि थोडं बाजूला, कारण संबळाचा फटका इतका जोरात असतो की मोबाईल आपोआप सगळा आवाज खाली ओढतो आणि वहिनींचा गळा बुडतो. तुणतुणं मात्र पुढे आणा, त्याचा आवाज बारीक, ते मागे गेलं की संपलं. झांज सगळ्यात मागे. अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, इअरफोन लावून ऐका, आवाज फाटतोय का बघा, फाटत असेल तर मोबाईल एक फूट मागे. हे तीन-चार वेळा करा, लाजू नका, लोक थांबतात. पैसे जमले की मग एक छोटा रेकॉर्डर घ्या, त्यात फाईल वेव्ह मध्ये ठेवता येते, एमपी3 पेक्षा कितीतरी चांगली, पुढे कोणाला द्यायची असेल तर तीच लागते.

कॅमेरा एकच ठेवा, हलवू नका, सगळे फ्रेममध्ये. मालावीमध्ये तळ्याकाठी नखाता बे भागात गॅस्पर नाली म्हणून एक कलाकार आहे, एकटाच बँड, घरी बनवलेलं लांबलचक एकतारी बास वाद्य, त्याला तिकडे बाबातोनी म्हणतात, तारेवर बाटली फिरवायची आणि पायाने गाईच्या कातड्याचा ढोल मारायचा, तोंडाने गायचं. त्याचा असाच एक साधा व्हिडिओ युट्यूबवर जगभर फिरला. लोकांना बघायचं होतं की एक माणूस हे करतो कसं, हात कुठे, पाय कुठे, बाटली कुठे. आपले लग्नवाले कॅमेरामन दर दोन सेकंदाला शॉट बदलतात, ड्रोन उडवतात, स्लो मोशन टाकतात, त्यात संबळावर ती वाकडी काठी कशी पडते तेच दिसत नाही. ती काठी दिसलीच पाहिजे.

आवाज सुधारून घ्या, पण वाद्याचा स्वभाव बदलू नका. काँगोतलाच कोनोनो नंबर वन हा ग्रुप बघा. मावांगू मिंगिएदी यांनी 1960 च्या दशकात सुरू केला, लिकेंबे म्हणजे अंगठ्याने वाजवायचं पट्ट्यांचं वाद्य, किन्शासाच्या गोंगाटात ते ऐकूच येईना, म्हणून त्यांनी गाड्यांच्या जुन्या पार्टमधली चुंबकं काढून पिकअप, म्हणजे वाद्याचा आवाज पकडणारे माईकसारखे तुकडे बनवले आणि भोंग्यांमधून आवाज सोडला. आवाज फाटला, घरघर आली, आणि नेमकी तीच घरघर त्यांची ओळख झाली. 2004-05 मध्ये त्यांचा अल्बम युरोप-अमेरिकेत पोचला तेव्हा इलेक्ट्रॉनिक म्युझिकवाली तरुण पोरं वेडी झाली. पुढे मुलगा ऑगस्टिन याने ग्रुप सांभाळला, 2015 मध्ये वडील गेले. तेव्हा तुमच्या इथल्या माणसाचा आवाज घोगरा असेल, भोंग्याला सवयीने जवळ तोंड लावत असेल, तर ते सगळं पुसायच्या आधी दहा वेळा विचार करा. आणि कृपा करून खालून डीजेचा बीट टाकू नका. अहिराणी गाण्यांना युट्यूबवर केवढा श्रोता आहे ते आपल्याला माहीतच आहे, लग्नात ती वाजतात, मला पण आवडतात, मीच वाजवतो. पण गोंधळाचं गाणं त्या रांगेत उभं करायला गेलात तर ते तिथे पण चालत नाही आणि आपलं पण राहत नाही.

भाषा पण तीच ठेवा. वहिनी अर्धं मराठी अर्धं अहिराणी गातात, एकाने सांगितलं हिंदीत करा, जास्त लोकांना कळेल. स्टाफ बेंडा बिलिली लिंगालात गायचे, लंडन-पॅरिसमध्ये कोणाला कळत होतं? व्हिडिओखाली मराठीत आणि इंग्रजीत दोन-चार ओळी अर्थ लिहा, कुळदेवी कोण, हे गाणं कधी म्हणतात, दिवटी म्हणजे काय, तेवढं पुरतं.

आता कागद. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण गाणं पोचतं आणि घर तसंच राहतं, असं होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

1950 च्या दशकात जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा वस्तीत एलियास आणि जॅक लेरोले हे भाऊ पेनीव्हिसल म्हणजे पत्र्याची स्वस्त बासरी रस्त्यावर वाजवायचे. 1956 मध्ये त्यांनी एक धून रेकॉर्ड केली, टॉम हार्क. ब्रिटनमध्ये ती एका टीव्ही मालिकेला वापरली आणि 1958 मध्ये तिथल्या चार्टवर दोन नंबरपर्यंत गेली. दोन नंबर! रस्त्यावरच्या पोरांची बासरी! पण धून बांधणारा म्हणून कागदावर नाव लागलं ते निर्माता रूपर्ट बोपापे याचं. त्याच्याही आधी 1939 मध्ये तिथेच सॉलोमन लिंडाने एक गाणं रेकॉर्ड केलं, तेच पुढे सिंह झोपला अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी जगभर गेलं, मुलांच्या पिक्चरमध्ये पण आलं, आणि त्याचे हक्क गेले होते 10 शिलिंगात. 1962 मध्ये लिंडा गरिबीतच वारला. त्याच्या मुलींना न्यायासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली आणि तडजोड झाली ती 2006 मध्ये.

आपल्याकडे हे रोज होतं. आबांकडे बाहेरून एक जण आला होता, मोठी गाडी, गोड बोलणं, एक शाल, पाचशे रुपये, आणि कोऱ्या स्टॅम्पवर अंगठा. सहा महिन्यांनी आम्ही आमचाच व्हिडिओ टाकला तर त्याच्यावर क्लेम, की हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे. वहिनींचा स्वतःचा गळा, आणि मालक दुसराच. मला त्या रात्री झोप लागली नाही. तो क्लेम काढायला चार महिने गेले, आणि काढता आला तो एवढ्यासाठीच की माझ्याकडे आमच्या रेकॉर्डिंगची मूळ फाईल तारखेसकट होती. म्हणून प्रत्येक फाईलला नाव देताना तारीख, गाव, गाणाऱ्यांची नावं आणि वाद्यं लिहा, मूळ फाईल दोन ठिकाणी ठेवा, एक पेनड्राईव्ह घरातल्या पेटीत आणि एक कॉपी ऑनलाईन.

कायदा थोडक्यात असा. पारंपरिक गाण्याचे शब्द कोणा एकाचे नसतात, ते सगळ्यांचे, पण या घराने जे सादर केलं, त्या सादरीकरणावर त्यांचा स्वतःचा हक्क आहे, कॉपीराईट कायद्यात कलाकाराचा हक्क म्हणून तो 50 वर्षं धरलाय. आबांनी स्वतः रचलेली ओळ असेल तर ती रचनाकाराची. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीने द्यावे लागतात, नुसतं तोंडी "चालेल" म्हटलं म्हणून रचनेचे हक्क जात नाहीत. करारात किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून "कायमचे" आणि "संपूर्ण जगात" हे दोन शब्द कागदावर दिसले की पेन खाली ठेवा, तालुक्याच्या एखाद्या वकिलाला दाखवा. स्वतःच्या रचना असतील तर आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्या, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी तीच गोळा करते.

चॅनेल, बँक खातं, क्यूआर कोड, सगळं त्यांच्या नावावर. माझ्या नावावर नाही, तुमच्या नावावर नाही. चॅनेलचा ईमेल घरातल्या माणसाच्या नंबरवर काढा, पासवर्ड वहीत लिहून त्यांना द्या. युट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4000 तास बघितलं जाणं लागतं, ते लगेच होत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून व्हिडिओखाली थेट क्यूआर द्या. आधार, पॅन, बँक, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एक आहे का ते आत्ताच बघून घ्या, आबांचं तीन ठिकाणी तीन होतं, ते दुरुस्त करायला सेतू केंद्रात पाच खेटे झाले, आणि पुढे कधी पासपोर्ट काढायची वेळ आली तर हेच अडतं.

आणि घरातला वाटा आधी ठरवा. कोणाला किती, प्रवास खर्च कुठून, वाद्याची डागडुजी कुठून. हे बोलायला अवघड जातं, मला माहीत आहे, बाप-लेकात पैशाची गोष्ट काढली की चुलीपर्यंत जाते. पण स्टाफ बेंडा बिलिली एवढे जगभर फिरून 2013 मध्ये फुटले, दोघं बाहेर पडले आणि वेगळा ग्रुप काढला. एकत्र गाणारं घर फुटलं की गाणं पण अर्धं होतं. आम्ही एका शंभर पानी वहीत लिहितो, मिळालेली रक्कम, तारीख, पाच भाग, चार माणसांचे चार आणि पाचवा वाद्यांचा. पाचव्या भागातूनच मागच्या वर्षी संबळाचं चामडं बदललं.

वहीवरून आठवलं. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई, लिहिता-वाचता येत नव्हतं, जात्यावर, शेतात ओव्या म्हणायच्या, त्या घरातल्या माणसांनी, मुलगा सोपानदेव यांनी, लिहून घेतल्या आणि 1952 मध्ये छापल्या, म्हणून आज आहेत. तेव्हा रेकॉर्डिंगच्या जोडीला आबांच्या तोंडून सगळी गाणी लिहून घ्या, अहिराणीत जसं म्हणतात तसंच. नातवाला लिहायला बसवा. आमचा नातू शनिवारी संध्याकाळी एक गाणं लिहितो, आतापर्यंत 41 झालीत, आणि त्यातली काही त्याच्या बापाला पण पूर्ण येत नव्हती. एक सांगतो, पोरगं गोड आहे, झांज वाजवताना डोळे मिटतो, त्याचे शॉर्ट्स टाकले तर व्ह्यू येतील, दोघा-तिघांनी मला तेच सुचवलं. मी टाकत नाही. शाळा बुडते, आणि आज जे लोक लाड करतात ते त्याला मिसरूड फुटल्यावर ढुंकून बघणार नाहीत.

रेकॉर्डिंग झालं, कागद झाले, आता दार ठोठवायचं. मालावीचीच मदालित्सो बँड, दोघंच जण, लिलोंग्वेच्या रस्त्यावर वाजवायचे, एकाकडे चार तारांची गिटार आणि पायाने ढोल, दुसऱ्याकडे घरचं एकतारी बास. 2017 मध्ये झांझिबारच्या साउती झा बुसारा या फेस्टिव्हलला त्यांनी वाजवलं आणि तिथून युरोपची बोलावणी सुरू झाली. म्हणजे हजार व्हिडिओंपेक्षा एक बरोबर स्टेज, जिथे पुढे नेणारी माणसं ऐकायला बसलेली असतात. आपल्यासाठी ती दारं ही: जळगाव आकाशवाणीची लोकसंगीताची ऑडिशन, उदयपूरचं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, दोन्हीकडे महाराष्ट्र येतो, दोन्हीकडे कलाकार म्हणून नाव नोंदवा, ते लोक देशभरच्या महोत्सवांना पाठवतात. आबांसारख्या 50 च्या वरच्यांसाठी राज्य सरकारची ज्येष्ठ कलावंत मानधन योजना आहे, तिचा अर्ज भरा, त्याला जुनी बोलावणी, कात्रणं, ग्रामपंचायतीचं पत्र लागतं, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका जपून ठेवा.

पाठवायचं काय? तीन मिनिटांचा एकच व्हिडिओ, सगळ्यात चांगला, पहिल्या दहा सेकंदात गाणं सुरू झालेलं, बोलणं-नमस्कार नंतर. एक फोटो, उन्हात काढलेला, वाद्यांसकट. पाच ओळी माहिती. किती माणसं, किती माईक लागतील, किती मिनिटं. त्यात "गरीब", "दुर्लक्षित", "शेवटचे कलाकार" असं काही लिहू नका. मी लिहिलं होतं पहिल्या वेळी, वाटलं लोकांना दया येईल. वहिनींनी वाचून घेतलं नातवाकडून आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आम्ही मागाले जाई नही राहिनूत, गावाले जाई राहिनूत." म्हणजे आम्ही मागायला नाही, गायला जातोय. मी ते पान फाडलं.

आणि रस्ता सोडायला लावू नका. बाजाराचा दिवस, यात्रा, लग्नाचा गोंधळ, ही त्यांची रोजची भाकरी आणि रोजचा रियाज पण. बाहेरचं बोलावणं आलं की आधी कॅलेंडर बघा, लग्नसराईत दहा घरांना शब्द दिलेला असतो, तो मोडून शहरातल्या एका फुकट स्टेजवर नेलं तर पुढच्या वर्षी ती दहा घरं बोलावत नाहीत. फुकट म्हटलं की मी सरळ नाही सांगतो, निदान गाडीभाडं, जेवण आणि माणशी मानधन आधी खात्यात. रात्री स्पीकर लावायचा असेल तर दहाच्या आत आटपा, नियम तसा आहे, आणि पोलीस आले की अपमान गाणाऱ्याचा होतो, आयोजकाचा नाही.

प्रत्येक वेळी काही बाहेर गेलं, कोणी दुरून काही लिहिलं, की ते त्यांना वाचून दाखवा. नागपूरहून एका बाईने लिहिलं होतं की तिच्या माहेरी हेच गाणं आजी म्हणायची, शब्द थोडे वेगळे. आबांनी ते वेगळे शब्द मला दोनदा वाचायला लावले, मग तुणतुणं उचललं आणि तसंच म्हणून बघितलं, वहिनी आतून भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच बाहेर आल्या. ते पण रेकॉर्ड केलंय मी, मोबाईल जवळच होता.

आता दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरेल, देशभरचे लोक येतात, कॅमेरेवाले पण. आम्ही तिथे तीन दिवस बसणार आहोत, तापीच्या बाजूला जिथे दरवर्षी आबा बसतात तिथेच. त्याआधी तुणतुण्याची तार बदलायची आहे आणि क्यूआरचा कागद लॅमिनेट करून संबळाच्या कडीला बांधायचा आहे, मागच्या वेळी धुळीने तो वाचताच येत नव्हता.